माजघरापर्यंत इंटरनेट : घरातील वीजतारांचा एक उपयोग

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका तीरावर जुना जालना, तर दुसऱ्या तीरावर कादराबाद म्हणजेच नवा जालना. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०२३ साली शहरास महानगरपालिकेचा दर्जा प्राप्त झाला. १९६४ साली येथे सुरू झालेल्या महिकोमुळे संकरित बियाण्यांचे आणि त्याजोडीने लोखंडी सळ्यांचे शहर अशी जालन्याची ख्याती देशभर झाली. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण उद्योगाच्या अंगानेही खरी ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि जुन्या जालन्यातील अनेक घरे आजही पूर्वीच्याच धाटणीची आहेत. दगड, वीट आणि पांढरी माती ह्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, पुढे ओसरी, मध्ये चौक, मागे माजघर आणि वर माडी अशी त्यांची रचना. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ह्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या घरे गार ठेवली. मात्र आज त्याच भिंती एका नव्या सोयीच्या आड येत आहेत. ती सोय म्हणजे इंटरनेट.

इंटरनेटची जोडणी बहुधा घराच्या दर्शनी भागात येते. प्रकाशतंतूची तार ओसरीपर्यंत येते, तेथेच राउटर बसविला जातो, आणि घरातील कर्ता पुरुष व येणारे-जाणारे जेथे बसतात, तेथे वेग उत्तम मिळतो. माजघरात बचत गटाचा हिशेब मोबाइलवर ठेवणारी गृहिणी, माडीवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, मागच्या खोलीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी ह्यांच्यापर्यंत मात्र तो पोहोचत नाही. पैसे सर्व घराचे जातात, पण लाभ एका खोलीस होतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मुलीला ओसरीवर, पाहुण्यांच्या गर्दीत येऊन बसावे लागते, ही गोष्ट वरकरणी क्षुल्लक दिसते. परंतु घरात कोणाला ज्ञानाची वाट सुलभ होते आणि कोणाला होत नाही, ह्याचाच तो प्रश्न आहे.

मलिक अंबरच्या काळातील जमशेदखान ह्याने मोती तलावाचे पाणी भूमिगत नळांनी जालना शहरात आणविले, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आढळते. पाणी हौदापर्यंत आणणे हे मोठे काम होते; पण हौदापासून स्वयंपाकघरापर्यंत ते प्रत्येक घरास स्वतःच न्यावे लागे. इंटरनेटचेही तसेच आहे. शासन आणि सेवा देणाऱ्या संस्था ते उंबरठ्यापर्यंत आणतात. उंबरठ्यापासून माजघरापर्यंतची वाट घरानेच शोधावयाची असते. ही वाट शोधताना घरात आधीच बसविलेल्या वीजतारांचा उपयोग होऊ शकतो का, झाल्यास किती आणि कोणत्या मर्यादेत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भिंत आणि बिनतारी लहरी

राउटरमधून निघणाऱ्या वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ह्या दोन पट्ट्यांत असतात. वारंवारता जितकी अधिक, तितका भिंतीतून जाताना लहरींचा ऱ्हास अधिक होतो. म्हणून ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली, तरी जाड भिंतीपुढे ती लवकर थकते, २.४ गिगाहर्ट्झची लहर काहीशी पुढे जाते. साडेचार किंवा नऊ इंचांच्या विटांच्या भिंतीतून दोन्ही लहरी कमी-अधिक प्रमाणात पार होतात. परंतु दोन फूट दगडमातीची भिंत, त्यातही ओल धरलेली, ही त्यांना जवळजवळ बंद दरवाजासारखीच असते. सिमेंट काँक्रीटच्या छतातील सळ्यांची जाळीही असाच अडथळा करते. राउटर अधिक महागाचा घेतला म्हणून हा प्रश्न सुटतोच असे नाही. कारण राउटरचा आवाज मोठा असला, तरी भिंतीपलीकडच्या मोबाइलचा क्षीण आवाज परत राउटरपर्यंत पोहोचावा लागतो.

जुनीच विद्या

वीज वाहून नेणाऱ्या तारेतूनच संदेश पाठविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकी सैन्याच्या सिग्नल विभागातील जॉर्ज ओवेन स्क्वायर ह्या अधिकाऱ्याने १९१० च्या सुमारास एकाच तारेवरून उच्च वारंवारतेच्या वाहक लहरींच्या साह्याने अनेक संभाषणे पाठविता येतात, हे दाखवून दिले. पुढे वीज कंपन्यांनी हीच विद्या आपल्या उच्चदाब वाहिन्यांवर वापरली.

आपल्या राज्यातही तिचा उपयोग दीर्घकाळ झाला आहे. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. वीजकेंद्रे आणि दूरदूरची उपकेंद्रे ह्यांना परस्परांशी सतत बोलावे लागे: कोणती वाहिनी बंद करावयाची, कोठे भार वाढला, कोठे बिघाड झाला, हे क्षणात कळणे आवश्यक होते. त्या काळी दूरध्वनीची ट्रंक जोडणी मिळण्यास तासन्‌तास लागत. अशा वेळी उच्चदाब वाहिन्यांवरूनच वाहक लहरींनी संभाषण करण्याची पद्धत उपकारक ठरली. उपकेंद्रात वाहिनी जेथे प्रवेश करते, तेथे टांगलेले जाड वेटोळ्यांचे पिंप अनेकांनी पाहिले असेल. त्यास लहररोधक म्हणतात. वीज त्यातून निर्वेध जाते, पण संदेशाच्या लहरी त्यापुढे अडतात आणि शेजारच्या धारित्रामार्गे संदेशयंत्राकडे वळविल्या जातात. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महापारेषण, महावितरण आणि महानिर्मिती ह्या कंपन्या अस्तित्वात आल्या. आता पारेषण मनोऱ्यांच्या माथ्यावरील भू-तारेतच प्रकाशतंतू घालण्याची पद्धत रूढ झाली असल्याने जुन्या पद्धतीवरील भार हलका झाला आहे. तथापि मूळ तत्त्व तेच राहिले आणि तेच पुढे घरात शिरले.

एका तारेत दोन प्रवाह

आपल्या घरातील वीज एका सेकंदात ५० वेळा आवर्तने घेते. घरगुती संदेशवहनाच्या उपकरणातील लहरी मात्र प्रामुख्याने २ ते ३० मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला वीस लाख ते तीन कोटी आवर्तने घेतात. दोहोंत इतके अंतर असल्याने एकाच तांब्याच्या तारेवर असूनही ते एकमेकांत मिसळत नाहीत. पहाटेच्या वेळी जात्याची घरघर चालू असतानाही ओवीचे शब्द स्पष्ट ऐकू येत, ते ह्याच कारणाने: घरघरीचा स्वर खालचा, गळ्याचा स्वर वरचा, आणि कान दोहोंना वेगळे करू शकतो.

उपकरणात कानाचे हे काम धारित्र आणि लहान रोहित्र मिळून करतात. धारित्राचा गुण असा, की वारंवारता जितकी अधिक तितका त्याचा अडथळा कमी. २ मेगाहर्ट्झच्या लहरीला ते जेवढा अडथळा करते, त्याच्या चाळीस हजार पट अडथळा ५० आवर्तनांच्या विजेस करते. म्हणून संदेश आत येतो, आणि २३० व्होल्टची वीज बाहेरच राहते. शाळेत धारित्राचा धडा शिकविताना शिक्षकांना हे उदाहरण देता येईल.

ह्या उपकरणास बाजारात पॉवरलाइन ॲडाप्टर असे नाव आहे. ते जोडीने विकले जाते. एक नग राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावून लॅनच्या तारेने राउटरला जोडावयाचा. दुसरा नग माजघरातील सॉकेटमध्ये लावावयाचा. दुसऱ्या नगास संगणक तारेने जोडता येतो, किंवा त्यातच वाय-फायची सोय असल्यास त्या खोलीत मोबाइलही चालतो. भिंत फोडावी लागत नाही, नवी तार ओढावी लागत नाही.

संदेश पाठविण्याची रीतही चतुर आहे. सर्व माहिती एकाच लहरीवर न लादता ती शेकडो बारीक लहरींवर वाटली जाते. एखाद्या रुंद रस्त्यावर शेकडो चाकोऱ्या असाव्यात आणि प्रत्येक गाडीवानाने आपली चाकोरी पाहून माल भरावा, तसे हे आहे. ज्या चाकोरीत खड्डे, तेथे कमी माल. जी साफ, तेथे अधिक. कोणत्या लहरीवर किती गोंगाट आहे, हे उपकरण सतत तपासते आणि वाटणी बदलते. म्हणूनच त्याचा वेग दिवसभर एकसारखा राहत नाही.

रस्त्यावर फसले, घरात टिकले

वीजतारा सर्वत्र असल्याने त्यांवरूनच गावोगाव इंटरनेट का पोहोचवू नये, असा प्रश्न साहजिक आहे. जगात तसे प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरात नॉरवेब आणि नॉर्टेल ह्या कंपन्यांनी १९९७ साली असा प्रयोग जाहीर केला. परंतु दोन वर्षांतच तो गुंडाळावा लागला. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील मॅनासस ह्या शहराने ही सेवा शहरभर दिली. तीही २०१० साली बंद झाली. कारणे समजण्याजोगी आहेत. रस्त्यावरील उघड्या तारा ह्या लहरींसाठी आकाशकाच होतात. त्यामुळे लघुलहरींवरील रेडिओ ऐकणाऱ्यांना आणि हौशी रेडिओचालकांना खरखर ऐकू येते. वितरण रोहित्र, ज्यास आपल्याकडे सर्रास डीपी म्हणतात, ते ह्या लहरींना पुढे जाऊ देत नाही. त्यास वळसा घालणारी स्वतंत्र यंत्रणा प्रत्येक ठिकाणी बसवावी लागते. शिवाय प्रकाशतंतू स्वस्त होत गेला आणि ह्या स्पर्धेचा निकाल लागला.

ज्या कामास थोडीच माहिती पुरते, तेथे मात्र ही पद्धत यशस्वी झाली. इटलीने २००१ पासून सुमारे तीन कोटी वीजमीटर आणि पुढे फ्रान्सने लिंकी नावाचे मीटर वीजतारांवरूनच वाचण्याची व्यवस्था केली. घराच्या आतही ती टिकली, कारण तेथे अंतर थोडे आणि तारा भिंतीला लागून असतात. २००० साली काही कंपन्यांनी होमप्लग नावाचा संघ स्थापन केला; २००१ च्या पहिल्या मानकाचा वेग सेकंदास १४ मेगाबिट होता, तर २००५ च्या मानकाचा २०० मेगाबिट. २०१० साली ह्या विषयाचे आंतरराष्ट्रीय मानक मान्य झाले. लघुलहरींवरील हौशी रेडिओच्या पट्ट्या नव्या उपकरणांत वगळण्यात येतात.

वेग : खोक्यावरचा आणि खोलीतला

उपकरणाच्या खोक्यावर ५००, ६०० किंवा १,२०० मेगाबिट असे आकडे छापलेले असतात. हा वेग आदर्श स्थितीतील, जाणारा व येणारा मिळून आणि उपकरणांचा आपापसांतील व्यवहार धरून असतो. प्रत्यक्षात चांगल्या तारांवरही त्याच्या निम्म्याहून कमी वेग हाती लागतो, आणि जुन्या, अनेक सांधे असलेल्या तारांवर एक-दशांश मिळाला तरी समाधान मानावे लागते. कित्येक स्वस्त उपकरणांत लॅनचे छिद्रच १०० मेगाबिटचे असते. तेव्हा त्याहून अधिकाची अपेक्षा व्यर्थ होय.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. स्पष्ट चित्राचा धडा पाहण्यास सेकंदाला पाच मेगाबिट पुरतात; समोरासमोरच्या दृक्‌श्राव्य संभाषणास त्याहूनही कमी. अर्ज भरणे, निकाल पाहणे, बँकेचा व्यवहार करणे ह्यांना तर वेगापेक्षा जोडणी न तुटणे महत्त्वाचे असते. माजघरात स्थिर असे वीस मेगाबिट मिळाले, तर एका कुटुंबाची बहुतेक गरज भागते. यास्तव खोक्यावरील आकड्याकडे न पाहता आपल्या कामास किती हवे, हे आधी ठरवावे.

आपल्या घरांतील अडचणी

परदेशात चांगले चालणारे उपकरण आपल्या घरात मंद का होते, ह्याची काही ठळक कारणे आहेत.

पहिले कारण तीन फेजचे. ज्या घरास तीन फेजची जोडणी आहे, तेथे ओसरी एका फेजवर आणि माडी दुसऱ्या फेजवर असू शकते. अशा वेळी संदेशास एका फेजवरून दुसऱ्या फेजवर उडी मारावी लागते आणि तो क्षीण होतो. दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का, हे परवानाधारक वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

दुसरे कारण इन्व्हर्टरचे. भारनियमनाच्या काळात घरोघर इन्व्हर्टर आले. त्यासाठी काही खोल्यांतील दिवे, पंखे व एखादे सॉकेट ह्यांची फेज तार वेगळी करून इन्व्हर्टरमधून फिरविलेली असते. एक नग साध्या तारेवर आणि दुसरा इन्व्हर्टरच्या तारेवर असल्यास संदेशाची वाट वळणाची होते. उलट दोन्ही नग साध्या तारेवर ठेवल्यास वीज जाताच इंटरनेटही जाते, मग ओसरीतील राउटर इन्व्हर्टरवर चालू असला तरी माजघरास त्याचा उपयोग नाही. शक्य असल्यास राउटर आणि दोन्ही नग इन्व्हर्टरच्याच तारेवर घ्यावेत. परंतु काही इन्व्हर्टर वीज गेल्यावर स्वतःच इतका गोंगाट करतात, की संदेश बुडून जातो. हे वीज असताना आणि नसताना, दोन्ही वेळा तपासूनच ठरवावे.

तिसरे कारण गोंगाटाचे. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांची स्वस्त यंत्रणा, मिक्सर, शिलाईयंत्राची मोटर ही सर्व उपकरणे तारेवर उच्च वारंवारतेचा कचरा टाकतात. जवळच्या सॉकेटमधील एक हलका चार्जर काढल्याबरोबर वेग वाढला, असा अनुभव येऊ शकतो.

चौथे कारण स्पाइक गार्डचे. दूरचित्रवाणी किंवा संगणक सांभाळण्यासाठी आपण जी गाळणीयुक्त पट्टी वापरतो, ती उच्च वारंवारतेची लहर अडविण्यासाठीच बनविलेली असते. ॲडाप्टर तिच्यात लावल्यास तिने संदेशही अडविलाच समजावे. ॲडाप्टर नेहमी भिंतीवरील मूळ सॉकेटमध्येच लावावा आणि इतर उपकरणे पट्टीत घ्यावीत.

पाचवे कारण वायरिंगच्या वयाचे. लाकडी पट्टीवर ठोकलेल्या जुन्या तारा, ॲल्युमिनियमच्या तारांना पिळून जोडलेले तांबे, काळी टेप गुंडाळलेले सांधे, सैल झालेली सॉकेट ह्या प्रत्येक ठिकाणी संदेश गळतो. संदेश जेथे गळतो, तेथे बहुधा उष्णताही निर्माण होत असते. येथून मुद्दा वेगाचा न राहता जिवाचा होतो.

आधी सुरक्षितता, मग इंटरनेट

वीजतारांवरून इंटरनेट नेण्याचा मोह कितीही झाला, तरी ज्या वायरिंगवर घरातील मूल हात लावण्यास भिते, तिच्यावर आणखी एक उपकरण चोवीस तास चालू ठेवणे शहाणपणाचे नाही. ह्याच निमित्ताने वायरिंगची तपासणी करून घेतली, तर इंटरनेट मिळो वा न मिळो, घराचा लाभच आहे. तपासणीत पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

मेगर नावाच्या यंत्राने तारांच्या आवरणाचा रोध मोजावा. तो एक मेगओहमपेक्षा कमी नसावा. अर्थिंग खरोखरच जमिनीपर्यंत पोहोचले आहे का, की सॉकेटचे तिसरे छिद्र केवळ शोभेचे आहे, हे मोजून पाहावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडत असल्यास त्यात पाणी घालण्याची व्यवस्था ठेवावी. गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी हे साधन मुख्य फलकावर असावे. काही वेळा हे साधन संदेशाची ताकद किंचित घटविते. तेवढ्यासाठी ते काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये. संदेश दुबळा झाला तर पान उशिरा उघडेल; हे साधन काढले तर माणूस दगावेल.

न्यूट्रल तार सैल होणे हा आपल्याकडील नेहमीचा धोका होय. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटल्यास २३० च्या जागी चारशे व्होल्टपर्यंत दाब येऊन उपकरणे जळतात. ॲडाप्टर स्पाइक गार्डमागे लावता येत नसल्याने त्याचे रक्षण मुख्य फलकावरच करावे लागते. त्यासाठी अतिदाब रोखणारे साधन तेथे बसवून घ्यावे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्यावर ॲडाप्टर आणि राउटर दोन्ही काढून ठेवण्याची सवय लावणे उत्तम.

हे सर्व काम परवानाधारक विद्युत ठेकेदार किंवा वायरमन ह्यांच्याकडूनच करवून घ्यावे. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर असे उपकरण लावणे बेकायदेशीर तर आहेच, पण अर्थिंग व संरक्षण दोन्ही नसल्याने ते प्राणघातकही ठरू शकते.

चाचणीची पद्धत

उपकरण परत घेण्याची अट दुकानदाराकडून लेखी मान्य करून घ्यावी. कारण आपल्या घरात ते चालेल की नाही, हे खोक्यावरून कोणीही सांगू शकत नाही. नंतर पुढील क्रमाने पाहावे.

१. दोन्ही नग प्रथम एकाच खोलीत, जवळजवळच्या सॉकेटमध्ये लावावेत. येथे जोडणी झाली नाही, तर दोष उपकरणात आहे.

२. दोन्ही नगांवरील जोडणीचे बटण माहितीपत्रकात सांगितलेल्या अवधीत पाठोपाठ दाबावे. त्यामुळे त्या जोडीची स्वतंत्र गुप्त किल्ली तयार होते. ही पायरी टाळू नये. एकाच वाड्यात चुलत भावांची बिऱ्हाडे किंवा भाडेकरू असतात. वायरिंग सामाईक असते. कारखान्यातून आलेली मूळ किल्ली अनेक उपकरणांत एकच असल्याने शेजारचे उपकरणही आपल्या जाळ्यात शिरू शकते.

३. दुसरा नग माजघरात नेऊन वेग मोजावा. त्या खोलीतील एकाहून अधिक सॉकेट पाहावीत. एकाच भिंतीवरील दोन सॉकेटांतही पुष्कळ फरक आढळतो.

४. सकाळी मिक्सर व पाण्याची मोटर चालू असताना, दुपारी आणि संध्याकाळी सर्व दिवे लागल्यावर अशा तीन वेळा वेग मोजून कागदावर लिहावा. सर्वांत कमी आकडा हाच खरा आकडा मानावा.

५. आठवडाभर वापर करून, आपल्या गरजेपेक्षा तो कमी असल्यास उपकरण परत करावे.

वीजखर्चाची चिंता करण्याचे कारण नाही. प्रत्येक नगास चार वॅट धरले, तरी दोन नग महिनाभर अहोरात्र चालवून सहा युनिटांच्या आतच वीज लागते.

इतर पर्यायांशी तुलना

पर्यायांचा क्रम लावावयाचा झाल्यास लॅनची तार हा पहिला होय. शंभर मीटरपर्यंत ती पूर्ण वेग देते, वीज आली-गेली तरी तिला फरक पडत नाही, आणि प्लास्टिकच्या पट्टीतून भिंतीच्या कडेने ती नेता येते. वाड्यात जेथे नळ किंवा दूरचित्रवाणीची तार आधीच भिंतीतून गेली आहे, त्याच भोकातून ती सहज जाते. मात्र विजेच्या तारेच्या नळीतून ती कधीही ओढू नये. दुसरा पर्याय चौकातून दिसेल अशा जागी दुसरा वाय-फाय नग ठेवण्याचा. जुन्या वाड्यातील चौक उघडा असल्याने भिंत टाळून लहर माडीपर्यंत जाऊ शकते. ही सोय पुष्कळदा ध्यानात येत नाही. हे दोन्ही जमत नसतील, भाड्याचे घर असल्याने भोक पाडता येत नसेल, किंवा वास्तू जतन करण्याजोगी असेल, तेथे वीजतारांचा पर्याय विचारात घ्यावा.

शाळा आणि ग्रामपंचायती

२०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट ह्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेचा उद्देश देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचा आहे. जेथे जोडणी आली आहे, तेथे ती ग्रामपंचायतीच्या एका खोलीत येते. शेजारची शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र ह्यांना ती कशी द्यावी, असा प्रश्न सदस्यांपुढे येतो.

ह्या बाबतीत नियम सोपा ठेवावा. एकाच इमारतीत, एकाच मीटरवर, वायरिंग चांगली असल्यास पॉवरलाइन ॲडाप्टर वापरून पाहण्यास हरकत नाही. कार्यालयातून त्याच इमारतीतील वाचनालयाकडे किंवा सभागृहाकडे जोडणी नेण्यास तो पुरतो. निरनिराळ्या इमारती आणि निरनिराळे मीटर असल्यास त्यावर विसंबू नये. मीटर आणि खांबापर्यंतच्या तारा ओलांडताना संदेश बहुधा टिकत नाही. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन तार टांगणेही इष्ट नाही, कारण दोन्हीकडील अर्थिंग वेगळे असते आणि वीज कोसळल्यास दोन्हीकडची उपकरणे जळतात. तेथे प्रकाशतंतूची छोटी तार किंवा समोरासमोर बसविलेली बिनतारी जोडणी हाच योग्य मार्ग होय. शाळेच्या खोल्यांची वायरिंग अनेकदा टप्प्याटप्प्याने झालेली असते. तेव्हा खर्चाचा ठराव करण्यापूर्वी वायरमनचा तपासणी अहवाल ठरावास जोडण्याची प्रथा पाडावी.

विज्ञान शिक्षकांना ह्या उपकरणाचा आणखी एक उपयोग आहे. लघुलहरी पकडणारा साधा ट्रान्झिस्टर चालू ॲडाप्टरजवळ नेल्यास खरखर ऐकू येते. दूर नेल्यास ती विरते. मध्यम लहरींचा पट्टा २ मेगाहर्ट्झच्या खाली असल्याने तेथे ती कमी जाणवते. तार, लहर आणि आकाशक ह्यांचे नाते एवढ्याशा प्रयोगातून विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

सारांश

घरातील वीजतारा इंटरनेट वाहून नेऊ शकतात. तथापि त्या त्यासाठी घातलेल्या नाहीत. म्हणून त्यांच्याकडून मर्यादित अपेक्षा ठेवावी, आधी लॅनच्या तारेचा व चौकातील दुसऱ्या नगाचा विचार करावा, आणि वायरिंगची तपासणी केल्याशिवाय काहीही जोडू नये. जुन्या जालन्यातील काय किंवा पैठण, अंबड, परतूरमधील काय, जाड भिंतींची घरे पाडावीत असे कोणी म्हणणार नाही. त्या भिंतींआड अभ्यास करणाऱ्या आणि हिशेब लिहिणाऱ्या माणसांपर्यंत ही सोय नेणे मात्र थोड्या खर्चात शक्य आहे. पंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी आपल्या गावातील घराघरांत एवढे एकच विचारावे: इंटरनेट घरात आले आहे, ते माजघरात पोहोचले का? उत्तर नकारार्थी असेल, तर वायरमनला बोलावून कामास प्रारंभ करावा.